पूर्ववृत्त आणि कौशल्य : खेळाच्या टेबलावरचा हिशेब

माणसाला जे येते ते का येते, या प्रश्नाचे उत्तर देताना प्रत्येक जण आपल्या बाजूचे पारडे जड करू पाहतो. कोणी जन्माला महत्त्व देतो, कोणी संगोपनाला, कोणी शिक्षणाला, कोणी श्रमाला. आणि यांपैकी कशानेच ज्याचे समाधान होत नाही तो शेवटी दैवाकडे बोट दाखवतो. शाळेत, कचेरीत, प्रवेशाच्या यादीपुढे हा वाद रोज चालतो. तोच वाद १९७४ सालापासून एका अनपेक्षित ठिकाणीही चालू आहे, आणि तेथे तो केवळ मतांनी नव्हे तर आकड्यांनी व नियमांनी लढवला गेला आहे. ते ठिकाण म्हणजे भूमिकेच्या खेळांचे टेबल.

इंग्रजीत ज्यांना रोल-प्लेइंग गेम म्हणतात ते हे खेळ. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो. तो एक काल्पनिक जग उभे करतो आणि त्यात प्रसंग निर्माण करतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात व ते पात्र काय करते, काय बोलते हे सांगत कथा पुढे नेतात. एखादी अवघड कृती साधली की फसली हे फासे टाकून ठरते. रूढ अर्थाने यात हारजीत नसते. मात्र खेळ सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला एक काम करावे लागते : आपले पात्र कोण, कोठून आले, त्याला काय येते आणि काय येत नाही, हे एका कागदावर मांडायचे. वरवर पाहता ही नुसती पूर्वतयारी आहे. वस्तुतः खेळामागचा सारा विचार या एका कागदात साठवलेला असतो. कारण माणसाचे कर्तृत्व कशातून घडते याविषयी नियमकर्त्याची जी समजूत असेल, तीच त्या कागदाच्या रकान्यांत उतरते.

म्हणूनच या खेळांतील पात्ररचनेकडे करमणुकीचा एक तपशील म्हणून पाहणे अपुरे ठरते. पन्नास वर्षांत नियमकर्त्यांनी जे निरनिराळे मार्ग चोखाळले त्यांची तुलना केली तर एक निष्कर्ष स्पष्टपणे पुढे येतो. पूर्ववृत्ताने कौशल्याचे कारण सांगावे आणि त्याची किंमत दाखवावी. कौशल्याची सीमा मात्र पूर्ववृत्ताने ठरवू नये.

फाशांचा न्याय

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या लहानशा गावातून १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला पहिला छापील खेळ प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते. गायगॅक्स यांनी पूर्वी विमा कंपनीत काम केले होते. संभाव्यतेचे गणित त्यांना परके नव्हते. त्यांच्या पद्धतीत बळ, बुद्धी, शहाणपण, दमसास, चापल्य आणि प्रभाव असे सहा गुण होते. प्रत्येकासाठी तीन फासे टाकायचे, त्यांची बेरीज लिहायची, आणि जे पदरात पडेल ते स्वीकारायचे. सरासरी येते साडेदहा. अठराचा पूर्ण आकडा २१६ वेळांत एकदा पडतो. आठ किंवा त्याहून कमी पडण्याची शक्यता मात्र २१६ मध्ये ५६, म्हणजे चारात एकाहूनही किंचित अधिक. पात्राच्या खिशातल्या सुवर्णमुद्राही फाशांनीच ठरत : ३० पासून १८० पर्यंत काहीही.

या पद्धतीत एक कठोर प्रामाणिकपणा आहे. बुद्धी, शरीर आणि वडिलोपार्जित धन यांपैकी कशाचीही निवड जन्मापूर्वी कोणी केलेली नसते. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या न्यायविषयक ग्रंथात जॉन रॉल्स यांनी निसर्गदत्त गुणांच्या वाटपाला सोडतीची उपमा दिली आणि अशा सोडतीतून मिळालेल्या लाभावर कोणाचाही नैतिक हक्क सिद्ध होत नाही असे प्रतिपादन केले. तीन फाशांचा हा खेळ म्हणजे त्या सोडतीचे मूर्त रूप. अठराचा आकडा घेऊन बसलेल्या खेळाडूला तो आपल्या कष्टाने मिळवला असे म्हणता येत नाही. फासा सर्वांच्या देखत पडलेला असतो. खऱ्या आयुष्यात तो पडदाआड पडतो, इतकाच फरक.

पण या कागदावर एक मोठी उणीव होती. पात्राला आकडे होते, भूतकाळ नव्हता. योद्धा, मांत्रिक किंवा धर्मोपदेशक यांपैकी एक पेशा घेतला की पात्र तयार. तो योद्धा तलवार कोणाकडून शिकला, त्याच्या घरी शेती होती की लोहारकाम, याला नियमांत स्थान नव्हते. १९७९ साली सूत्रधारासाठी निघालेल्या ग्रंथात पूर्वीच्या व्यवसायाचा एक तक्ता आला. त्यात शेतकरी, कोळी, सुतार यांच्या जोडीला मोजण्याजोगे कोणतेच कौशल्य नसलेल्यांसाठीही एक ओळ होती. तक्ता ऐच्छिक होता आणि त्याचा उपयोग सूत्रधाराच्या मर्जीवर होता. पूर्ववृत्त दाराशी आले होते. त्याला घरात घेतले गेले नव्हते.

समान भांडवलाचा मोह

सोडतीवर उपाय म्हणून जो दुसरा मार्ग निघाला तो अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ताबडतोब ओळखीचा वाटेल. प्रत्येकाला सारखेच गुण द्यायचे आणि बाजारात सोडायचे. १९८१ च्या 'चॅम्पियन्स' या खेळाने ही रीत लोकप्रिय केली. १९८६ साली टेक्सासमधील स्टीव्ह जॅक्सन यांनी 'गर्प्स' या खेळात तिला व्यापक रूप दिले. तेथे सामान्य नायकाला १०० गुण मिळत. बळ वाढवायचे तर गुण मोजा, भाषा शिकायची तर गुण मोजा. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या अलीकडच्या आवृत्त्यांतही अशी सोय आहे : २७ गुणांच्या भांडवलात सहा आकडे विकत घ्यायचे. आठचा आकडा फुकट. तेरापर्यंत प्रत्येक पायरीला एक गुण. चौदा आणि पंधरा यांच्या पायऱ्यांना मात्र प्रत्येकी दोन. उत्तमतेची शेवटची पायरी सर्वांत महाग पडते, हा सीमांत खर्चाचा नियम शंभर पाने वाचून जितका ठसत नाही तितका या कोष्टकातून अर्ध्या तासात ठसतो. तीन गुणांत पंधरा हवे असतील तर उरलेल्या तिन्हींत आठवर समाधान मानावे लागते. संधित्यागाचा खर्च म्हणतात तो हाच.

टेबलावरच्या मित्रमंडळींच्या दृष्टीने ही समानता योग्यच आहे. चार मित्र संध्याकाळ घालवायला बसले असता एकाचे पात्र सर्वगुणसंपन्न आणि दुसऱ्याचे पंगू असावे, यात कोणालाच आनंद नाही. तथापि या बाजारात एक चमत्कारिक व्यवहार चालतो. 'गर्प्स'मध्ये उणिवा स्वीकारल्या तर गुण परत मिळतात. दारिद्र्य पत्करले की १५ गुण मिळतात. श्रीमंती हवी असेल तर २० मोजावे लागतात. आणि प्रामाणिकपणा हीसुद्धा तेथे उणीव मानली आहे. कायदा न मोडण्याची सवय असलेल्या पात्राला तिच्यापोटी १० गुण मिळतात.

प्रथमदर्शनी हे वाचून हसू येते, पण तर्क पक्का आहे. प्रामाणिक माणसाला जे मार्ग बंद असतात ते इतरांना खुले असतात. म्हणून प्रामाणिकपणा हे एक बंधन आहे आणि बंधनाची भरपाई मिळाली पाहिजे. खऱ्या जगात ती भरपाई मिळत नाही, हे कोणत्याही कचेरीत काम करणाऱ्याला निराळे सांगण्याची गरज नाही. दारिद्र्याचेही तसेच. गरिबाच्या मुलाला त्याच्या गरिबीबद्दल दुसरीकडे १५ गुण जास्त मिळाले, असा हिशेब निसर्ग करत नाही आणि समाजही आपणहून करत नाही. तो करावा लागतो, आणि केला की त्यावर वाद होतो. खेळात मात्र तो नियमाने होतो.

परंतु ज्या व्यवहारात उणीव विकता येते त्यात न बोचणारी उणीव विकण्याची युक्तीही लवकरच निघते. वाळवंटातल्या कथेत पाण्याची भीती घ्यावी आणि आलेल्या गुणांतून तलवार घासावी, असा चतुर खेळाडू प्रत्येक टेबलावर असतो. उणिवांतून मिळणाऱ्या गुणांवर कमाल मर्यादा घालण्याचा सल्ला नियमग्रंथालाच द्यावा लागला, तो याचसाठी. अशा रीतीने तयार झालेले पात्र हिशेबाने निर्दोष आणि माणूस म्हणून पोकळ असते. त्याचे पूर्ववृत्त कौशल्याच्या आधी आलेले नसते. कौशल्ये खरेदी झाल्यावर पावतीवर मागाहून लिहिलेले ते कारण असते.

सेवापुस्तकातले आयुष्य

तिसरा मार्ग सर्वांत बोधप्रद. १९७७ साली मार्क मिलर यांचा 'ट्रॅव्हलर' हा अंतराळप्रवासाचा खेळ निघाला. त्यात पात्र अठराव्या वर्षी कागदावर येते. त्याच्या सहा गुणांत बळ आणि बुद्धी यांच्या जोडीला शिक्षण आणि सामाजिक स्थान हेही गुण आहेत, ही गोष्टच लक्षणीय. मग ते पात्र नौदल, भूदल, व्यापारी ताफा अशा सहा सेवांपैकी एकीकडे अर्ज करते. अर्ज मंजूर होणे फाशांवर. नामंजूर झाला तर सक्तीची भरती, तीही फाशांनी. सेवेची मुदत चार वर्षांची. प्रत्येक मुदतीत जिवंत राहिलो का, अधिकारपद मिळाले का, बढती झाली का, यांसाठी फासे टाकायचे आणि त्या त्या सेवेच्या तक्त्यातून एखाद-दुसरे कौशल्य घ्यायचे. पाच मुदती पूर्ण केल्यास बहुतेक सेवांत निवृत्तिवेतनही मिळते.

कारकुनी करणाऱ्या वाचकाला यात आपल्या सेवापुस्तकाची आठवण झाली तर नवल नाही. मात्र या सेवापुस्तकाची दुसरी बाजूही तितकीच चोख ठेवलेली आहे. चौथी मुदत संपते तेव्हा पात्र चौतीस वर्षांचे होते आणि तेथून वार्धक्याचे फासे सुरू होतात. बळ, चापल्य, दमसास घसरू लागतात. जास्त शिकायचे तर जास्त वर्षे द्यावी लागतात आणि ती परत मिळत नाहीत. जीविताचा फासा चुकला तर मूळ नियमाप्रमाणे पात्र खेळ सुरू होण्यापूर्वीच मरते. या नियमाची थट्टा पुष्कळ झाली. पण एक मुदत आणखी करावी की मिळाले तेवढे घेऊन बाहेर पडावे, हा प्रश्न तेथे खराखुरा होतो तो याच नियमामुळे. पुढील शिक्षण घ्यावे की नोकरी धरावी, या विवंचनेत असलेल्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

येथे कौशल्य आणि पूर्ववृत्त ही दोन वेगळी प्रकरणे उरत नाहीत. नौदलात असताना काय शिकला हे लिहिले की तो नौदलात होता हेही लिहून होते. ब्रिटनमध्ये १९८६ साली निघालेल्या 'वॉरहॅमर फँटसी रोलप्ले'नेही हीच वाट धरली. तेथे प्रारंभीचा व्यवसाय फाशांनी ठरतो आणि तो बहुधा राजपुत्राचा नसतो. उंदीर पकडणारा, भिकारी, नावाडी, लेखनिक, विद्यार्थी अशी माणसे त्यात भेटतात. एका व्यवसायातून कोणत्या व्यवसायात जाता येते याच्या वाटा आखलेल्या आहेत. म्हणजे कौशल्य हे केवळ बाहूत किंवा मेंदूत नसून समाजाच्या रचनेतही असते, हे या खेळाने ओळखले.

कौशल्य मिळाल्यावर ते वाढते कसे, याचे सर्वांत समंजस उत्तर मात्र १९७८ च्या 'रूनक्वेस्ट'ने दिले. तेथे प्रत्येक कौशल्य शेकड्यात मोजतात. जे कौशल्य प्रसंगात प्रत्यक्ष वापरले तेच सुधारू शकते. आणि सुधारणेसाठी फासा सध्याच्या आकड्याहून वर पडावा लागतो. ढोबळमानाने, तीस टक्के जाणणाऱ्याला शिकण्याची संधी शंभरात सत्तर, तर नव्वद टक्के जाणणाऱ्याला अवघी दहा. नवशिक्या झपाट्याने पुढे जातो, निष्णात माणूस तसूतसूने. अध्यापन करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव याहून निराळा नाही. १९८१ च्या 'कॉल ऑफ कथुलू'मध्ये व्यवसायाच्या कौशल्यांचे गुण शिक्षणावरून आणि हौसेच्या कौशल्यांचे बुद्धीवरून ठरतात. एवढेच नव्हे तर सावकारी अर्थाची 'पत' हेही तेथे एक कौशल्यच आहे.

कुळ विचारणारे नियम

आता मुख्य वादाकडे वळले पाहिजे. रंगमंडपात कर्णाचे अस्त्रकौशल्य सर्वांनी पाहिले. त्यानंतर त्याला कुळ विचारण्यात आले. पूर्ववृत्ताचा असा उपयोग करण्याची खोड या खेळांनाही होती. १९७८ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या प्रगत आवृत्तीत स्त्रीपात्राच्या बळाची कमाल मर्यादा पुरुषपात्राहून कमी ठेवली होती. एल्फ, बुटके इत्यादी मानवेतर वंशांतील पात्रांना बहुतेक पेशांत ठरावीक पायरीपलीकडे चढताच येत नसे. स्त्रियांवरील मर्यादा १९८९ च्या आवृत्तीत गेली, वंशांवरील पायऱ्यांची मर्यादा २००० साली. वंशानुसार गुणांत होणारी ठरीव वाढ त्यानंतरही टिकली. २०२० साली तिच्यात फेरफार करण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ च्या आवृत्तीत ती वंशाकडून काढून पार्श्वभूमीकडे, म्हणजे पूर्वीच्या व्यवसायाकडे, सोपवण्यात आली. जन्माऐवजी संगोपन, असा हा बदल. त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण स्वागत करून थांबता येत नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक पार्श्वभूमीला तीन गुण जोडलेले आहेत आणि वाढ त्या तिन्हींतच घेता येते. विद्वानाच्या पार्श्वभूमीला दमसास, बुद्धी आणि शहाणपण. शेतकऱ्याच्या पार्श्वभूमीला बळ, दमसास आणि शहाणपण. शेतकऱ्याच्या वाट्याला बुद्धी नाही. म्हणजे शेतात वाढलेल्या पात्राने मांत्रिक व्हायचे ठरवले, तर या पेशाला ज्या बुद्धीची सर्वाधिक गरज त्या बुद्धीत त्याला आरंभी वाढ नाही. विद्वानाच्या पार्श्वभूमीतून आलेल्याला ती आहे. परिणाम काय व्हायचा तो होतो. हिशेबी खेळाडू मांत्रिकासाठी शेतकऱ्याचे घर निवडत नाही. वंशाची भिंत पाडून तिच्याच विटांनी व्यवसायाची भिंत उभी राहिली. सूत्रधाराला नवी पार्श्वभूमी रचण्याची मुभा आहे हे खरे; पण अपवादाची सोय असणे आणि नियम न्याय्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक गोष्ट या बदलात हरवली. २०१४ च्या आवृत्तीत तेरा पार्श्वभूमी होत्या आणि प्रत्येकीला एक सामाजिक लाभ होता. उमराव घराण्यातल्या पात्राला थोरामोठ्यांची दारे उघडी असत आणि त्याच्या थैलीत २५ सुवर्णमुद्रा असत. रस्त्यावर वाढलेल्या अनाथाकडे मुद्रा १०, पण शहरातले गल्लीबोळ त्याला असे पाठ की तो इतरांच्या दुप्पट वेगाने वाट काढी. दोघांचेही ज्ञान खरे, दोघांचेही मोल वेगळे. २०२४ मध्ये हे लाभ गेले, आणि उमरावापासून शेतकऱ्यापर्यंत प्रत्येकाला ५० सुवर्णमुद्रांचा सारखा पर्याय मिळाला. हिशेब सुटसुटीत झाला. परंतु दारिद्र्य माणसाला काय शिकवते आणि काय शिकू देत नाही, हे दोन्ही कागदावरून पुसले गेले.

पात्र रचताना

मग पात्र रचावे कसे? पानभर चरित्र लिहून आणणे हा त्यावरचा उपाय नव्हे. लांबलचक पूर्ववृत्त सूत्रधार वाचत नाही आणि लिहिणारा स्वतःच ते तिसऱ्या बैठकीपर्यंत विसरतो. त्याऐवजी प्रत्येक महत्त्वाच्या कौशल्याला तीन प्रश्न विचारावेत. हे कोणाकडून शिकले? त्यासाठी काय सोडावे लागले? आणि ते शिकल्यामुळे कोणाचे देणे राहिले?

एखाद्या खाडीवरच्या तरीवाल्याची मुलगी पात्र म्हणून घ्यावी. तिला पोहता येते, वारा आणि भरती-ओहोटी कळते, गर्दीत नाणी मोजण्यात ती चुकत नाही. हे सारे घरातून आले. त्याचे वेगळे स्पष्टीकरण नको. तिला वाचता येते, हे मात्र विशेष. फुकट पैलतीरी नेण्याच्या बदल्यात एका वृद्ध भिक्षूने तिला अक्षरे शिकवली. त्या तासांत नाव बांधलेली राहिली, उत्पन्न बुडाले, बापाने सावकाराकडून कर्ज काढले. झाले. चार वाक्यांत पाच कौशल्ये, एक गुरू, एक ऋण आणि एक धनको मिळाला. सूत्रधाराला पुढच्या दहा प्रसंगांची बीजे मिळाली. उद्या ही मुलगी मांत्रिक होऊ लागली तर तिची तरी तिच्या आड येता कामा नये; उलट वारा ओळखणारी मांत्रिक म्हणून ती विद्यापीठातून आलेल्या मांत्रिकाहून वेगळी ठरली पाहिजे. पूर्ववृत्ताचे काम एवढेच, आणि ते थोडे नाही.

यावर कोणी म्हणेल की खेळ हा खेळ आहे, त्यावर समाजशास्त्राचे ओझे का लादावे? आक्षेप अगदीच अनाठायी नाही. दिवसभर खऱ्या जगातली विषमता सोसणाऱ्याने संध्याकाळी तरी सर्वसमर्थ वीर व्हावे, ही इच्छा निरोगी आहे, आणि तिला मज्जाव करण्याचे कारण नाही. परंतु समर्थ वीरालाही कोणीतरी शिकवलेले असते. ते नाव कागदावर लिहिल्याने त्याचे सामर्थ्य उणे होत नाही. ते विश्वसनीय होते.

या खेळांचे शैक्षणिक मोल येथेच आहे. दैवाचा फासा, समान भांडवलाचा बाजार आणि वर्षांच्या मोबदल्यात मिळणारे शिक्षण, या तिन्ही पद्धतींनी एकाच माणसाची घडण करून पाहिली की विद्यार्थ्याला एक गोष्ट आपोआप उमगते. गुणपत्रिकेवरचा आकडा म्हणजे सगळा माणूस नव्हे. त्या आकड्यामागे फासा किती, घर किती आणि घाम किती, हे विचारल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. काल्पनिक पात्राबाबत हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, तो शेजारच्या बाकावर बसलेल्या खऱ्या मुलाबाबतही तो विचारील. ज्या समाजात कौशल्य पाहण्याआधी कुळ विचारले जाते, आणि कौशल्य पाहिल्यावर त्यामागचे कष्ट विचारले जात नाहीत, त्या समाजाला या सवयीची गरज आहे.